अंदमानला हनिमूनला जाताय? या चुका टाळा

अंदमान ठरवलं की जोडप्यांना समुद्राची धास्ती वाटते. घोटाळे मात्र बहुतेक वेळा घरात बसूनच होतात. लग्नाच्या धामधुमीत मामेभाऊ तिकिटं काढतो, एजंट व्हॉट्सॲपवर पॅकेजची पीडीएफ पाठवतो आणि नवरा-नवरी दोघांनाही ती नीट वाचायला सवड नसते. बेटावर उतरल्यावर कळतं, की इथे सूर्य, भरती-ओहोटी आणि बोट यांच्या वेळा आधीच ठरलेल्या आहेत आणि पॅकेज बनवणाऱ्याने त्यांतल्या कशाचाच विचार केलेला नाही. पुढच्या चुकांपैकी निम्म्याअधिक तिथूनच निघतात. उरलेल्या आपल्या लग्नघरातून येतात, म्हणून सुरुवात तिथून.

तिकिटावर नवरीचं कोणतं नाव?

सासरच्यांनी हौसेने नव्या नावाने तिकीट काढलेलं असतं. नवऱ्याचं नाव मधे, सासरचं आडनाव शेवटी, क्वचित पहिलं नावसुद्धा बदललेलं. आधार कार्ड मात्र माहेरच्याच नावाचं. विमानतळाच्या दारातला सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतो. तिथे लग्नपत्रिका काढून दाखवली किंवा मेंदीचे हात पुढे केले तरी उपयोग होत नाही. स्पेलिंगमधली एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक विमान कंपन्या बहुधा दुरुस्त करून देतात. अख्खं आडनाव बदलायचं म्हटलं की कटकट, आणि कधी कधी सरळ नवं तिकीट काढावं लागतं.

म्हणून तिकीट ओळखपत्राबरहुकूमच हवं. आधारवर जे नाव आज आहे तेच, अक्षर न् अक्षर. कागदोपत्री नाव बदलायचंच असेल, तर ते परत आल्यावर सावकाश करा. मधल्या काळात आधार नवं आणि पॅन जुनं अशी अवस्था झाली असेल, तर तिकिटाशी जुळणारं एकच कार्ड बरोबर ठेवा आणि सगळीकडे तेच दाखवा. बेटांमधल्या बोटीच्या तिकिटालाही ओळखपत्र लागतं, हॉटेलातही दोघांचं लागतं.

नावांचा आणखी एक गोंधळ बेटांच्या बाबतीत होतो. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. कागदांवर कुठे जुनं नाव असतं, कुठे नवं. ‘हॅवलॉक दोन रात्री’ आणि ‘स्वराज द्वीप एक रात्र’ असं एकाच पॅकेजात दिसलं, तर ती दोन बेटं नाहीत. एजंटला फोन करून नेमक्या किती रात्री ते विचारून घ्या.

सत्यनारायणाचं तीर्थ घेऊन थेट विमानतळावर

हळद, लग्न, पाठोपाठ सत्यनारायण, मग गोंधळ, कुलदैवताचं दर्शन. जेजुरीला गेलात तर बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या आहेत हे वेगळंच. आठवडाभर धड झोप नसते. त्यात अंदमानची विमानं मुंबई-पुण्याहून बरीचशी चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यामार्गे असतात, म्हणजे घरातून मध्यरात्री निघणं आलं. अशा प्रवासाचा पहिला दिवस झोपण्यात जातो, दुसरा डोकेदुखीत. मध्ये दोन-तीन दिवस तरी घरी काढा. पाहुणे परतू द्या. सुट्टी कमी असेल, तर सहलीतला एक दिवस कमी करा आणि तो इथे लावा.

याच काळात एक गोष्ट अशी घडते, की जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. पूजेत अडचण नको म्हणून नवरीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या जातात. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. सत्यनारायण झाला, गोळी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला उतरलो, तर पाळी नेमकी तिथे येणार. मैत्रिणीने सांगितलेली गोळी घेऊ नका. लग्नाआधी महिनाभर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि लग्न व सहल दोन्हींच्या तारखा सांगून विचारा. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, मायग्रेन किंवा यकृताचा त्रास असेल, तर तेही सांगा. आणखी एक, ही गोळी गर्भनिरोधक नाही. मूल एवढ्यात नको असेल तर त्याची सोय वेगळी करावी लागते आणि ती घरूनच बरोबर न्यावी. बेटावर औषधांची दुकानं मोजकीच आहेत.

वैशाखातलं लग्न, ज्येष्ठातलं अंदमान

आपल्याकडे मुहूर्त तुळशीच्या लग्नापासून सुरू होतात आणि वैशाखात पुन्हा गर्दी होते. मेच्या मध्यावर लग्न करून महिनाअखेरीला अंदमानला निघणारी जोडपी दरवर्षी असतात. ‘पाऊस जूनमध्ये येतो ना!’ आपल्याकडे, हो. नैर्ऋत्य मोसमी वारा केरळात साधारण १ जूनला पोहोचतो आणि मुंबईत त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. अंदमानच्या समुद्रावर तो त्याही आधी, मेच्या २० तारखेच्या आसपास येऊन ठेपलेला असतो. तेव्हा समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, बोटी रद्द होतात आणि पाण्यातले खेळ बंद ठेवले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तिथे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचेही हेच दिवस.

डिसेंबरअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. त्यातही नाताळ ते १ जानेवारी टाळता आला तर टाळा. दर चढलेले असतात, बोटींची तिकिटं मिळत नाहीत आणि हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर दादरच्या चौपाटीची आठवण होते. लग्न मेमध्येच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस जाऊन या आणि अंदमान जानेवारी-फेब्रुवारीसाठी ठेवा. लग्नाला सहा-आठ महिने झाल्यावर गेलं की त्याला हनिमून म्हणायचं नाही, असा काही नियम नाही.

बोट: सगळी सहल इथे अडते किंवा सुटते

पॅकेजात ‘क्रूझ’ लिहिलेलं असतं. ते वाचून डेकवर वाऱ्यावर उडणारे केस डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक खासगी बोटी वातानुकूलित, बंद खिडक्यांच्या असतात आणि सगळा वेळ ठरलेल्या खुर्चीत बसून राहायचं असतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास लागतात, हॅवलॉक ते नील साधारण तासभर. सरकारी बोट स्वस्त पडते, वेळ थोडा जास्त घेते. काही सरकारी बोटींवर डेकवर उभंही राहता येतं. पण बाहेरच्या पर्यटकाला तिचं तिकीट मिळणं बेभरवशाचं.

पहिली चूक होते क्रमात. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-पोर्ट ब्लेअर-नील-पोर्ट ब्लेअर असा आराखडा कोणी दिला तर परत पाठवा. हॅवलॉकहून थेट नीलला बोट आहे. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर असा फेरा घातला, की एक समुद्रप्रवास आणि अर्धा दिवस वाचतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. ‘शेवटच्या दिवशी सकाळची बोट, दुपारचं विमान.’ कागदावर हे छान जुळतं. हवा बिघडली की बंदर खातं बोटी थांबवतं आणि विमान मात्र निघून जातं. बोटीचे पैसे परत मिळतील, विमानाचे कोण देणार? परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची, यात तडजोड नको. एजंट म्हणेल, ‘सर, आमचे सगळे क्लायंट असेच जातात.’ जात असतील. बोट चालू असेपर्यंत जातात.

तो दिवस फुकट जात नाही. सेल्युलर जेल त्याच दिवसासाठी ठेवा. बहुतेक पॅकेजांत उतरल्या उतरल्या, रात्रभराच्या प्रवासाने डोळे मिटत असताना, जेलची फेरी लावलेली असते आणि तासाभरात ती उरकली जाते. १९०६ साली पुरी झालेली ही इमारत, मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात शाखा, ६९३ कोठड्या. आज त्या सातांतल्या तीनच शाखा उभ्या आहेत. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू एकाच वेळी इथे होते. तात्यारावांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. १९११ ते १९२१ एवढा काळ ते इथे होते. मराठी घरातून जाणारं माणूस तिथे पोहोचलं की थांबतंच. त्यासाठी अर्धा दिवस हवा आणि झोप झालेली हवी. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघायचा असेल, तर तिकीट आधी काढा आणि हिंदी-इंग्रजीच्या वेळा बघा. जेलच्या सुट्टीचा वार कोणता तेही आराखडा पक्का करण्यापूर्वी पाहून घ्या.

बाकी किरकोळ. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बेवरून. तिकिटावर धक्का कोणता लिहिलाय ते रिक्षात बसण्यापूर्वी वाचा. तासभर आधी पोहोचा. ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच असं धरून चाला. उलटीची गोळी बोट सुटण्यापूर्वी निदान अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. उपाशी बसू नका, पुरी-भाजीवर ताव मारूनही बसू नका. जागा मधल्या भागातली मागा, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. मोबाइलकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघत राहा.

पाच वाजता अंधार

ही चूक जवळजवळ प्रत्येक जोडप्याची होते. राधानगरचा सूर्यास्त बघायचा म्हणून दुपारी जेवून, झोपून, तयार होऊन साडेचारला हॉटेलमधून निघतात आणि पोहोचेपर्यंत सूर्य गेलेला असतो.

भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई त्र्याहत्तरच्या जवळ, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा बुडतो. पोर्ट ब्लेअर ब्याण्णवच्याही पुढे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, एप्रिलमध्येही साडेपाचलाच. पहाट तितकीच लवकर होते. एप्रिलमध्ये पाच-सव्वापाचला सूर्य वर आलेला असतो.

म्हणजे मुंबईच्या सवयीने नऊला उठून, अकराला नाश्ता करून बाहेर पडलात, तर अर्धा दिवस गेला. तिथला दिवस पहाटे पाचला सुरू करायचा. सकाळी समुद्र शांत असतो, पाणी निवळ असतं, ऊन सुसह्य असतं आणि किनाऱ्यावर माणसं नसतात. कालापत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तिथे सूर्योदय बघा. राधानगर पश्चिमेला, तिथे दुपारी साडेतीनपर्यंत पोहोचा. जेट्टीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटर आहे. परतताना रस्ता काळोखा असतो, म्हणून रिक्षावाल्याशी जाता-येता दोन्हीचं आधीच ठरवा. स्कूटर भाड्याने घेतलीत तर लायसन्स आणि हेल्मेट बरोबर हवं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी.

सात-साडेसातला बेट शांत होतं. जेवण लवकर आटपतं, स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. रात्री दहाला ‘काही गरम मिळेल का’ विचाराल तर बिस्किटं मिळतील. नवीन लग्न झालेल्यांना लवकर होणारी रात्र अडचणीची वाटू नये, पण एजंटने रात्री नऊचं कँडललाइट डिनर लावलं असेल तर ते सातला घ्या.

तिथी बघा, पण कालनिर्णयावर विसंबू नका

कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. आपल्या किनाऱ्यावर हे गणित बसतं, अंदमानात बसत नाही. तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत. त्या हॉटेलच्या काउंटरवर किंवा भरती-ओहोटीच्या ॲपवर पोर्ट ब्लेअर निवडून बघाव्या लागतात. रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकण्याचा नियम मात्र तिथेही तोच.

याने फरक काय पडतो? विजयनगर, गोविंदनगर या हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर बरीच हॉटेलं आहेत. ओहोटीला तिथे पाणी लांब मागे जातं आणि पुढ्यात खडक आणि मेलेली प्रवाळं उघडी पडतात. ‘सी-फेसिंग कॉटेज’ घेतलेलं जोडपं खोलीतून बाहेर येतं आणि विचारतं, समुद्र कुठे आहे? हॉटेलवाल्याने फसवलेलं नसतं, चार-सहा तासांनी पाणी परत येतं. नीलच्या भरतपूरला पाण्यात उतरायचं तर पाणी भरलेलं हवं. उलट त्याच बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीच लागते. खडक निसरडे असतात, म्हणून पट्ट्याचे बूट घाला. हे दोन्ही उलट वेळेला लावलेले आराखडे मी पाहिलेत. पॅकेज बनवणारा शंभर जोडप्यांना एकच कागद पाठवतो, त्याला तुमची तिथी माहीत नसते.

अमावास्येचा एक फायदा आहे. हॅवलॉकला खारफुटीतून रात्री कयाक घेऊन जातात. वल्हं मारलं की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. चांदणं जितकं कमी, तितकं ते छान दिसतं. आजी म्हणेल अमावास्येला प्रवासाला निघू नका. दोन दिवस आधी निघा, म्हणजे आजीही खूश आणि तुम्हीही.

पाण्यात उतरताना

मंगळसूत्र, अंगठ्या, हिरवा चुडा. तिन्ही खोलीत ठेवून या. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि साखरपुड्याची अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. वाळूत पडलेलं सोनं समुद्र परत देत नाही. काचेची बांगडी बोटीच्या काठावर आपटून फुटते, मनगट कापतं आणि काचा वाळूत कोणाच्या तरी पायासाठी राहतात. मंगळसूत्र स्कूबाच्या पट्ट्यात अडकतं. शक्यतो लग्नातले दागिने बेटावर नेऊच नका, एक बारीक मंगळसूत्र पुरे. चुडा उतरवण्यावरून घरी प्रश्न येणार असतील, तर आधीच बोलून घ्या. मनगटात एखादी धातूची बांगडी ठेवली की बहुतेक सासवांचं समाधान होतं.

पोहता येत नसलं तरी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीचा स्कूबा करता येतो, प्रशिक्षक सतत धरून असतो. खोली १२ मीटरच्या आतच. पण आधी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात खोटं लिहू नका. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, यांतलं काही असेल तर पाण्याखाली जायचं नाही. साधी सर्दी असेल तरी थांबा. नाक बंद असलं की कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. पैसे भरलेत म्हणून दुखरा कान घेऊन खाली जाणारे नवरे बरेच असतात. बायकोसमोर माघार कशी घ्यायची, हा त्यांचा प्रश्न. कान दुखला की लगेच हाताने खूण करायची, वर यायचं.

स्कूबा आणि परतीचं विमान यांत निदान १८ तास हवेत, २४ असले तर उत्तम. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा. हवा बिघडली तर पुढे ढकलायलाही जागा राहते.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, ही गोष्ट पॅकेजात लिहीत नाहीत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीकडच्या भागात एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून पाण्यात उतरायचंच नाही असं नाही. जिथे पाटी आहे तिथे उतरू नका, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ जाऊ नका, संध्याकाळनंतर पाण्याबाहेर या आणि जीवरक्षकाने शिटी मारली की वाद न घालता परत या. रोज तिथे उभा राहणारा माणूस कशासाठी शिटी मारतो ते त्याला ठाऊक असतं.

ज्याबद्दल लाजून गप्प बसतात

नव्या जोडप्यांत पहिल्या आठवड्यात लघवीची जळजळ हा फार नेहमीचा त्रास आहे, विशेषतः बायकांना. कमी पाणी प्यायचं, प्रवासात लघवी तुंबवून ठेवायची, त्यात नवे संबंध. पाणी भरपूर प्या, संबंधांनंतर लघवीला जा, ओला पोहण्याचा पोशाख तासन् तास अंगावर ठेवू नका. जळजळ सुरू झालीच, तर कोकम सरबतावर दिवस काढत बसू नका, डॉक्टर गाठा. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, पाठीत कळ किंवा लघवीतून रक्त असेल, तर पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात जावं लागेल.

ठरवून झालेल्या लग्नात दोघं एकमेकांना पुरते ओळखतही नसतात. पहिल्या रात्रीच सगळं व्हायलाच हवं, असं कोणी सांगितलेलं नाही. दुखत असेल तर थांबायचं. ‘नंतर सवय होईल’ म्हणून सोसायचं नाही. आणि त्याने तिला विचारायचं, गृहीत धरायचं नाही. फुलांनी सजवलेला पलंग पॅकेजात असतो, ही समज पॅकेजात येत नाही.

किनाऱ्यावरच्या बारीक वाळूमाश्या आणखी वेगळा त्रास देतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर लाल गांध्या उठतात आणि आठवडाभर खाज राहते. सकाळ-संध्याकाळ त्या जास्त असतात. पाय झाकणारे सैल कपडे घाला, उघड्या वाळूवर न बसता चटई पसरा. खोबरेल तेलाचा थर लावला तरी थोडा उपयोग होतो. खाजवून जखमा करू नका. स्नॉर्केलिंग करताना पाठ उन्हात आणि तोंड पाण्यात असतं, त्यामुळे पाठ भाजलेली संध्याकाळी कळते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच उतरा.

फोन, पैसे आणि घरचे

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. तोवर तिथे इंटरनेट म्हणजे देवाचा धावा होता. आता सुधारलंय, तरी हॅवलॉक-नीलला नेटवर्क जागेनुसार येतं-जातं. म्हणून यूपीआयवर पूर्ण भिस्त ठेवू नका, एटीएमही मोजकी आहेत. पोर्ट ब्लेअरमधूनच रोख काढून घ्या. तिकिटांचे, हॉटेलच्या बुकिंगचे स्क्रीनशॉट फोनमध्ये जतन करा, एक छापील प्रत पिशवीत ठेवा.

घरच्यांना निघण्यापूर्वीच सांगा, रोज रात्री एक मेसेज येईल, फोन लागला नाही तर घाबरू नका. नाही सांगितलं, तर तासभर फोन लागला नाही म्हणून दोन्हीकडचे वडील एजंटला फोन लावतील. व्हिडिओ कॉलवर आत्याला समुद्र दाखवण्यात संध्याकाळ घालवायची की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर नाही.

सगळंच बघायचा हट्ट

पाच दिवसांत हॅवलॉक, नील, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग. पॅकेज भरगच्च दिसतं. यातलं बाराटांग तरी काढून टाका. पहाटे तीन-चारला उठून निघायचं, ठरलेल्या वेळेच्या वाहनतांड्यातून जंगलातून जायचं, गुहा बघायची आणि संध्याकाळपर्यंत परत. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला टाकणं गुन्हा आहे. तरी काही चालक ‘दिसले तर दाखवतो’ म्हणतात. अशा चालकाची गाडी घेऊ नका. माणसं बघायला जाणं हा कसला हनिमून?

एक पूर्ण दिवस हॅवलॉकला मोकळा ठेवा. त्या दिवशी बोट नाही, गाडी नाही, फोटोग्राफर नाही. दोघांपैकी एकाला सारखं फिरायचं असतं आणि दुसऱ्याला पडून राहायचं असतं, हे त्या दिवशी समजतं. समजलेलं बरं. गोविंदनगरच्या बाजारात बंगाली खाणावळी आहेत. बेटावरची बरीच वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे माशाची आमटी मोहरीच्या वळणाची मिळते. मालवणी शोधू नका, आहे ते खा. शाकाहारी जेवण सहज मिळतं.

तरीही बिघडलंच तर

बोट रद्द झाली: धक्क्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. आधी हॉटेलला फोन करून आणखी एक रात्र मागा, कारण अडकलेले सगळेच तासाभरात तेच मागणार असतात. मग बोट कंपनीचा रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. परताव्याला आणि प्रवास विम्याला तो लागतो.

खोली फोटोतल्यासारखी नाही: सामान उघडण्याआधी काउंटरवर बोला, बुकिंगचा कागद दाखवून कॉटेजचा प्रकार वाचून दाखवा. गार्डन-व्ह्यू लिहिलेलं असेल तर भांडायला जागा नाही, फरकाचे पैसे देऊन बदलून घ्या. चेक-आउटची वेळही तेव्हाच विचारा, काही हॉटेलांत ती सकाळी बरीच लवकर असते.

प्रवाळाने कापलं: गोड्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, बारीक कण काढा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. या जखमा भरायला वेळ लागतो. लाली पसरायला लागली तर डॉक्टरकडे जा.

पाण्यातून आल्यावर कान बंद वाटतोय: कापूस, काडी, तेल काही घालू नका. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल किंवा दुखत असेल, तर विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

बॅगेत शंख-प्रवाळ आहेत: आईच्या देवघरासाठी वेचलेले असले तरी किनाऱ्यावरच ठेवून या. प्रवाळं आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा चालत नाही आणि परतीच्या वेळी विमानतळावर बॅगा तपासताना ते सापडतात. शिंपल्यांची वस्तू हवीच असेल, तर परवानाधारक दुकानातून पावतीसकट घ्या आणि पावती बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवा.